‘पुढे’चे डबे

ताई : आणि डबे?

धाकटा : आधी आत तर ये. चप्पल बाहेर काढ, फरशी आत्ताच पुसली आहे. रंग कसा वाटतो, ते सांग.

ताई : रंग छान आहे. डबे कुठे ठेवलेस?

धाकटा : नुसतं ‘छान’? आठवडाभर ऑफिसातून सुटलो की थेट इथे येत होतो. वर बघून बघून मान धरली आहे. हा कोपरा बघ, स्टोव्हच्या काजळीचा तो काळा पट्टा होता ना, नावाला उरला नाही. आणि बाबांच्या दुकानाला या बाजूनं खिडकी आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

ताई : खिडकीसमोर मांडणी होती, म्हणून दिसत नव्हती. मांडणी कुठे आहे, वॉशर?

धाकटा : आता या वयात वॉशर म्हणू नकोस गं. पालिकेची बाई यायची वेळ झाली, तिच्यासमोर तर मुळीच नको.

ताई : मांडणी.

धाकटा : दिली.

ताई : दिली म्हणजे?

धाकटा : भंगारवाल्याला. काल सकाळी. तुला काही कळू न देता सगळं तयार करून दाखवायचं होतं. तूच म्हणाली होतीस, पाहणी आहे, खोली जरा नीट दिसायला हवी.

ताई : नीट म्हणाले होते. रिकामी म्हणाले नव्हते.

धाकटा : अगं, अनुदान कशासाठी मागते आहेस तू? गल्लीतला कचरा कमी करण्यासाठी. ती बाई दारात उभी राहून गंजके स्क्रू, मोडक्या इस्त्र्या आणि छत्र्यांचे सांगाडे बघेल, तर म्हणेल, बाई गं, आधी तुमचाच कमी करा.

ताई : ते ‘पुढे’चे डबे होते.

धाकटा : ‘पुढे’ म्हणजे काय ते मला सांगू नकोस. मीही याच घरात वाढलोय.

ताई : सगळे दिलेस?

धाकटा : …सगळे.

ताई : बिस्किटांचे पत्र्याचेही? लाकडी खणसुद्धा? झाकण नसलेल्या बरण्या?

धाकटा : ताई, तू बस आधी. ही खुर्ची आहे, रंग वाळलाय तिचा. पाणी आणू का? बोल ना काहीतरी. ओरड तरी.

ताई : काय ओरडू? कचरा कमी करायचं अनुदान मिळावं, म्हणून गल्लीतला सगळ्यात मोठा कचरा आपणच केला. पाहणीच्या आदल्या दिवशी. यावर ओरडायचं की हसायचं, तेवढं तूच सांग.

धाकटा : थांब, मी फोन लावतो त्याला. एखाद्या कोपऱ्यात तसंच पडलं असेल. भंगारवाले काही लगेच… हॅलो? हां, मी बोलतोय, कालची रंगाची खोली. तुम्ही नेलंत ना, मांडणीसकट… नाही नाही, पैशांबद्दल तक्रार नाही हो. मला ते परत… काय म्हणता? सगळं? खणसुद्धा? …नाही, तुमची काय चूक. बरं. ठेवतो.

ताई : गेलं?

धाकटा : लाकूड वखारीत गेलं. लोखंड आणि पत्रा कालच मोठ्या गाडीनं वितळवायला गेला. म्हणाला, साहेब, तुमच्यासारखं वेगवेगळं करून ठेवलेलं भंगार आजवर कुणी दिलं नव्हतं, सगळं एकत्र ओतताना जिवावर आलं.

ताई : ओतताना. पितळी स्क्रू एकीकडे, लोखंडी एकीकडे, आखूड, लांब, डोकं झिजलेले. आपले हात लाल व्हायचे निवडताना.

धाकटा : तुला आवडायचं ते. मला तर बाहेर खेळणाऱ्या पोरांचा आवाज ऐकून रडू यायचं.

ताई : आणि तरी मी आणि आई भांडायला लागलो, की मध्ये येऊन बसायचास. बाबा म्हणायचे, दोन लोखंडं घासायला लागली, की हा वॉशर आपोआप मध्ये सरकतो.

धाकटा : आज मीच दोन्हीकडून घासला जातोय. ताई, मनापासून सांगतो, तुझ्या मार्गात यावं म्हणून केलं नाही मी.

ताई : तसं कुठे म्हणतेय मी? पण अनुदान आलं नाही तर पहिल्या तारखेला या खोलीची किल्ली शेजारच्या औषधवाल्याला जाणार. तो शब्द तूच दिला आहेस.

धाकटा : दिला. खोली बंद ठेवून भिंतींना ओल आली होती. त्याला खोकी ठेवायला जागा हवी आहे, आणि तुझे गुडघे हे असे. दर शनिवारी अख्खी गल्ली मोडके पंखे काखेत मारून तुझ्या जिन्यावरून वर येते, तुझ्याच जेवणाच्या टेबलावर ते उघडते, आणि तू उभ्यानं जेवतेस. म्हणून म्हणालो, पालिकेनं मदत केली तर ही खोली तुझ्या दुरुस्तीला, नाहीतर औषधवाल्याला. आणि रंग कुणासाठी लावला मी? औषधवाल्यासाठी?

ताई : नाही रे. माहीत आहे मला.

धाकटा : मग तोंड असं करू नकोस. कुणीतरी आलंय दारात.

बाई : नमस्कार. शनिवारचा दुरुस्ती कट्टा म्हणतात, तो इथेच का? पालिकेतून आले आहे. लहान अनुदानांच्या प्रत्यक्ष पाहणीसाठी.

धाकटा : या, या मॅडम. बसा. जपून, दाराच्या चौकटीला हात लावू नका, थोडी ओली असेल.

बाई : बाप रे. किती स्वच्छ खोली! सकाळपासून फिरते आहे, अशी एकही बघितली नाही. एका ठिकाणी तर ‘प्लास्टिक टाळा’ अशी फलकांची रांग दाखवली मला. सगळे फलक प्लास्टिकचे.

धाकटा : बघा! आमच्याकडे तसलं काही नाही.

बाई : तुमच्याकडे काहीच दिसत नाही, असं म्हणायला हवं. अर्जात वाचलं होतं, ‘कट्ट्याकडे सुट्या भागांचा मोठा जुना साठा उपलब्ध आहे.’ खरं सांगू, त्या एका वाक्यासाठी मी तुमचं नाव यादीत वर ठेवलं होतं. टेबल आणि दिवे सगळेच मागतात. साठा कुणाकडे नसतो. कुठे ठेवला आहे?

धाकटा : साठा ना… तो सध्या हलवला आहे. तात्पुरता. रंगकाम चालू होतं म्हणून.

ताई : भंगारात हलवला आहे.

धाकटा : ताई!

ताई : खोटं बोलून मिळालेल्या टेबलावर मला कुणाचा पंखा दुरुस्त करायचा नाही. बाई, हा माझा धाकटा भाऊ. तुम्ही येणार म्हणून यानं खोली स्वच्छ केली, आणि स्वच्छ करण्याच्या भरात आमच्या वडिलांनी जन्मभर जमवलेलं सगळं काल भंगारवाल्याला देऊन टाकलं. आत्ता मी इथे आले, तेव्हा कळलं मला.

बाई : एक मिनिट. कचरा कमी करण्याच्या पाहणीसाठी तुम्ही…

धाकटा : हो.

बाई : …माफ करा. हसायला नको होतं मला.

ताई : हसा. कुणीतरी हसायलाच हवं होतं. मला अजून जमत नाहीये.

बाई : पण ताई, मग माझी अडचण समजून घ्या. आमचा नियम असा आहे, की अनुदान असलेल्या कामाला द्यायचं, होणाऱ्या कामाला नाही. रिकाम्या खोलीसमोर मी काय लिहू? काय काय होतं, ते तरी सांगा.

ताई : तुम्ही बसला आहात ना, तुमच्या मागे, पार छताजवळ, मांडणीचा सगळ्यात वरचा कप्पा. तिथे छत्र्या. काड्या, मुठी, टोकाच्या टोप्या.

धाकटा : मुठी खाली होत्या. वरच्या कप्प्यात फक्त काड्या, बाबांचा हात तिथवर पोचायचा म्हणून. आईचा पोचत नसे, म्हणून ती आवरायला जाऊ शकत नसे.

ताई : बरोबर. मुठी खाली, बाकदार एका डब्यात, सरळ एका डब्यात. एक मूठ बदकाच्या डोक्याची होती.

धाकटा : बदकाचा एक डोळा गेला होता. मी तासन्‌तास त्याच्याशी बोलायचो.

ताई : त्याखाली घड्याळांचे काटे. तासाचे वेगळे, मिनिटाचे वेगळे.

धाकटा : सेकंदांचे तंबाखूच्या चपट्या डबीत. हलवली की पावसासारखा आवाज यायचा.

ताई : मग इस्त्र्यांची तारेची वेटोळी. स्टोव्हच्या पिना. बॅगांची बक्कलं. टॉर्चच्या काचा. आणि ज्या कशातून निघाल्या हे बाबांनाही सांगता येत नसे, त्या वस्तू. त्यांचा डबा निळा.

बाई : या सगळ्याला ‘पुढे’ का म्हणता तुम्ही? अर्जातही लिहिलंय, ‘पुढेचे डबे’. मला वाटलं, टंकलेखनाची चूक आहे.

ताई : बाबांची पद्धत होती. काहीही दुरुस्त केलं, की निघालेला जुना भाग कागदावर ठेवून गिऱ्हाइकाला दाखवायचे. विचारायचे, ‘नेताय, की पुढे टाकू?’ म्हणजे घरी नेताय, की पुढे लागेल म्हणून डब्यात टाकू. बहुतेक सगळे म्हणायचे, टाका पुढे. म्हणून त्या डब्यांचं नावच ‘पुढे’ पडलं.

धाकटा : आमच्या घरात ती एक जागाच होती. ‘कात्री कुठे आहे?’ ‘बघ, पुढेत पडली असेल.’ शाळेत बाईंनी विचारलं, ‘पुढे’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करा. मी लिहिलं, ‘आमच्या पुढेत उंदीर शिरला.’

ताई : शून्य मिळालं होतं त्याला.

धाकटा : बाबांनी वहीवर सही केली आणि म्हणाले, वाक्य बरोबर आहे.

ताई : आई वैतागायची. म्हणायची, बाकीच्या बायकांचा संसार घरात असतो, माझा सगळा पुढेत. पण तिच्या शिवणयंत्राचा पट्टा तुटला, तेव्हा पट्टा पुढेतूनच निघाला. समोरच्या दवाखान्यातल्या खुर्चीचं चाक या गल्लीतल्या कुठल्यातरी मोडलेल्या बाबागाडीचं होतं. कुणाच्या पंख्यात कुणाच्या मिक्सरचा स्क्रू. बाबा गेल्यावर दुकान बंद झालं, तरी मी अधूनमधून खाली येऊन डबे पुसायचे. मला वाटायचं, आपली अख्खी गल्ली इथे सुटी करून ठेवली आहे.

बाई : मग शनिवारी दुरुस्त करताना याच डब्यांतून घेत होता का?

ताई : हो. एक डबा वर न्यायचे, काम झालं की खाली आणून जागेवर ठेवायचे. तळाचा मात्र कधी नेला नाही.

धाकटा : निळा?

ताई : निळा. त्यात चष्मा होता.

धाकटा : कुणाचा चष्मा?

ताई : बाबांचा. दवाखान्यातून आपण परत आलो, तू माणसांना फोन करत होतास, आणि माझ्या हातात त्यांचा चष्मा होता. कुठे ठेवावा कळेना. कपाटात ठेववेना, डोळ्यांसमोर ठेववेना. इथे खाली आले, आणि पुढेत टाकला.

धाकटा : ताई… मला माहीत नव्हतं.

ताई : तुला कसं माहीत असणार? मी कुठे सांगितलं होतं.

धाकटा : मी डबा उघडूनसुद्धा बघितला नाही. झाकण घट्ट होतं, म्हटलं, जाऊ दे.

ताई : त्यांना डाव्या काडीचा त्रास व्हायचा. स्वतःच तार गुंडाळली होती. जाऊ दे. बाई, तुम्हाला उशीर होत असेल.

बाई : नाही. म्हणजे होतो आहे, पण… आमच्या आजीकडे त्याला ‘असू दे’ म्हणायचे. कपाटाच्या खालच्या खणाला. बटण तुटलं, किल्लीचं कुलूप हरवलं, कुणी टाकायला निघालं की आजी म्हणायची, असू दे. घर आवरलं तेव्हा आम्ही बहिणी त्या खणाशी बसलो, आणि एकीचंही मन टाकायला धजेना. शेवटी खण तसाच उचलून मी माझ्या घरी नेला. आजही उघडत नाही, आणि टाकतही नाही.

धाकटा : पण मॅडम, तसा खण सगळ्यांकडेच असतो. बघा ना, ताई, समोरच्या शिंपीणबाईंकडे बटणांची बरणी आहे. निवृत्त वायरमनकाका वायरचा तुकडा दिसला की खिशात घालतात. त्यांची बायको ओरडते. बाबांनी गल्लीतूनच जमवलं होतं ना सगळं? मग गल्लीतच असणार.

ताई : वीस-तीस वर्षं लागली होती त्यांना.

धाकटा : त्यांनी एकेक भाग जमवला, कारण लोक एकेक वस्तू घेऊन यायचे. आपण दारोदार गेलो तर?

ताई : ‘आपण’?

धाकटा : मी म्हण हवं तर. मीच रिकामं केलं ना.

बाई : हे बघा, मी आज ‘नाही’ लिहीत नाही. तसंच ‘हो’ही लिहू शकत नाही. ‘पाहणी अपूर्ण’ असं लिहिते. पुढच्या महिन्यात पुन्हा येईन. तेव्हा इथे काम चालू दिसलं, थोडा का होईना साठा दिसला, तर मी समितीपुढे भांडेन. पण खोली तोवर तुमच्याकडे असायला हवी. असेल ना?

ताई : ते याला विचारा. पहिल्या तारखेला…

धाकटा : बघू आपण.

बाई : ठीक आहे. मग निघते मी. पुढे नदीपलीकडे अजून एक… अरे देवा. हा पट्टा पुन्हा सुटला. थांबा, पिन लावते.

ताई : बघू तुमची बॅग. बक्कलाची जीभ तुटली आहे हो. पिनेवर कशी चालवता? सगळं वजन तिच्यावर. एखाद्या दिवशी रस्त्यात कागद पसरतील.

बाई : नवीन घ्यायचीच आहे. सांगायला लाज वाटते, पण मी लोकांना दुरुस्त करा म्हणून सांगत फिरते, आणि माझी बॅग या पिनेवर.

ताई : नवीन कशाला? पाच मिनिटांचं काम आहे. नुसती एवढीशी तार हवी, ताठ. छत्रीच्या काडीची सगळ्यात चांगली… काय करायचं, सवयीनं वर बघितलं मी. वरचा कप्पा.

धाकटा : केवढी तार?

ताई : बोटाएवढी. राहू दे आता, नसताना कुठून आणणार?

धाकटा : ही चालेल?

ताई : ही कुठून आली तुझ्या खिशात?

धाकटा : खिडकीच्या चौकटीच्या फटीत अडकली होती. रंगवताना ब्रश अडला, म्हणून उपटून काढली.

ताई : छत्रीचीच आहे. सगळा पसारा दिलास, आणि ही खिशात ठेवलीस?

धाकटा : टाकणारच होतो. गाडी निघाली होती. पण म्हटलं… काय माहीत. म्हटलं, पुढे लागेल.

ताई : वॉशर.

धाकटा : हो गं. पक्कड आणू का वरून?

ताई : माझ्या पर्समध्ये आहे.

बाई : तुम्ही पर्समध्ये पक्कड घेऊन फिरता?

ताई : लोक रुमाल ठेवतात, तशी. धर रे हे टोक. घट्ट नको, बाबा म्हणायचे ना, लोखंडाला श्वास घेऊ द्यावा. आता वळव. अजून. इकडे नाही, आतल्या बाजूला.

धाकटा : मला कधी जमलं नाही हे.

ताई : जमतंय की. जास्तीची कापते आता. बोट बाजूला घे. झालं. ओढून बघा हो पट्टा.

बाई : अरे! नवीन होती तेव्हाही एवढी घट्ट बसत नव्हती.

धाकटा : माझा फोन. औषधवाला आहे.

ताई : घे ना. किल्लीचंच विचारत असेल.

धाकटा : हॅलो. नमस्कार. हो, इथेच आहे… हो हो, रंग झाला. नाही, पहिल्या तारखेला नाही जमणार. …तसं नाही, शब्द दिला होता, मान्य आहे. रागावू नका. पण खोली रिकामी नाही हो. …हो, काल दिसली असेल तुम्हाला रिकामी. आज नाहीये. सामान आहे आत. …कसलं? आमच्या वडिलांचं. संध्याकाळी येतो दुकानात, समोरासमोर माफी मागतो. ठेवू?

ताई : सामान आहे म्हणालास. कुठे आहे?

धाकटा : कापलेला तुकडा दे इकडे. फरशीवर पडलाय बघ, पायात जाईल. या रंगाच्या डब्यात टाकतो. हाही भंगारात द्यायला निघालो होतो, राहून गेला.

(रिकाम्या डब्यात काहीतरी बारीक पडल्याचा आवाज.)

बाई : बराच मोठा आवाज येतो हो.

ताई : पहिल्यांदा येतो. मग भरत गेला, की कमी होतो.

बाई : निघते मी आता. नक्की येईन पुन्हा.

धाकटा : मॅडम, थांबा. ही तुमची सेफ्टी पिन राहिली. आणि बक्कलाची तुटकी जीभ. कागदावर ठेवली आहे, बघून घ्या. नेताय, की…

ताई : विचार ना. पूर्ण विचार.

धाकटा : नेताय, की पुढे टाकू?

बाई : पुढे टाका.